व्यासपीठ न लाभलेला पियानोवादक

म्हैसूर म्हटले की मराठी रसिकाला दरबारी गाणे आठवते. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ म्हैसूरला जाता-येता कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात उतरत, ही हकिगत हुबळी-धारवाडकडे अजूनही सांगितली जाते. फैयाज खाँना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी याच दरबाराने दिली. तबकडीवर गळा उतरवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या गौहरजान १९२८ मध्ये म्हैसूरच्या आश्रयाला आल्या आणि १७ जानेवारी १९३० रोजी तिथेच वारल्या. आज म्हैसूरला गेलेला मराठी प्रवासी जगनमोहन राजवाड्यात शिरतो, तेव्हा हाताच्या आडोशाने समईचा उजेड सांभाळणाऱ्या स्त्रीच्या चित्रापुढे हमखास थांबतो. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे ते जलरंगातले काम. पण ज्या राजाच्या कारकिर्दीत ते रंगले, तो स्वतः पाश्चात्त्य पद्धतीचा शिकलेला पियानोवादक होता आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या संगीतजीवनाला त्याने मोठा हात दिला, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नाही.

जयचामराज वडियार यांचा जन्म १८ जुलै १९१९ चा. वडील युवराज कंठीरव नरसिंहराज, आणि गादीवर चुलते चौथे कृष्णराज. कृष्णराजांना अपत्य नव्हते. ते स्वतः वीणा, व्हायोलिन, पियानो, सॅक्सोफोन अशी कितीतरी वाद्ये हाताळत. दरबारात वीणा आणि व्हायोलिनच्या विद्वानांच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता आणि ओटो श्मिट नावाचा जर्मन संगीतकार तो सांभाळत असे. घरातच दोन्ही संगीते ऐकत वाढलेल्या या मुलाचा ओढा पियानोकडे गेला, यात नवल नाही. गुड शेफर्ड कॉन्व्हेंटच्या सिस्टर इग्नेशियस यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी भारतात पियानो शिकणे म्हणजे बहुधा अशाच एखाद्या जोगिणीपुढे बसून स्वरावली घोटणे आणि लंडनच्या परीक्षकापुढे परीक्षा देणे. ट्रिनिटी कॉलेजचे परीक्षक बोटीने येत, गावोगाव परीक्षा घेत आणि परत जात. बहुतेकांची गाडी चार-दोन इयत्तांपुढे सरकत नसे. जयचामराजांनी लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिकची लायसेन्शिएट पदवी मिळवली. १९३८ मध्ये ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून पदवीधर झाले, तेही सुवर्णपदकांसह.

मैफलीचा पियानोवादक व्हायचे, ही त्यांची इच्छा होती. एकोणिसाव्या वर्षी हातात पदवी होती, घरात पैसा होता, आणि गादी त्या क्षणी तरी दूर दिसत होती.

१९४० साल उजाडले आणि सगळेच बदलले. ११ मार्चला युवराज मुंबईत वारले. पाच महिने होतात न होतात तोच, ३ ऑगस्टला, कृष्णराजही गेले. ८ सप्टेंबरला जयचामराजांना गादीवर बसवण्यात आले, तेव्हा त्यांनी नुकतीच एकविशी ओलांडली होती. युरोपात महायुद्ध पेटलेले, समुद्रावर पाणबुड्यांची दहशत. लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाऊन रोज सात-आठ तास रियाज करण्याचा प्रश्नच उरला नाही. मैफलीच्या पियानोवादकाचे आयुष्य किती एकमार्गी असते ते ध्यानात घेतले, तर त्यांच्या हातून काय निसटले याचा अंदाज येतो. विशी ते तिशी ही वर्षे बोटे, स्मरणशक्ती आणि नाव घडवण्याची. ती वर्षे म्हैसूरच्या महाराजांनी दिवाणांच्या फायली, दरबार, दसरा आणि युद्धकाळच्या कारभारात घालवली. १९४५ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्यांना मानद फेलोशिप दिली. सन्मान मोठा खरा, पण व्यासपीठाची उणीव त्याने कशी भरून निघावी?

त्यांनी स्वतःसाठी ऐकण्याचे जग उभे केले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह पुढे सुमारे २०,००० तबकड्यांचा असल्याचे सांगितले जाई. राजवाड्यात अनेक ग्रँड पियानो होते, तऱ्हेतऱ्हेचे ध्वनिवर्धक होते, आणि युरोपात छापलेली स्वरलिपीची पुस्तके होती. संग्राहक पुष्कळ असतात. महाराज मात्र वादकाच्या कानाने ऐकत होते, आणि त्यांनी उचललेले नाव पाहिले की ते पटते. बेटहोवन, शोपँ यांच्यावर प्रेम करायला वेगळी तालीम लागत नाही. महाराजांचे मन बसले निकोलाय मेटनर यांच्यावर, आणि तेही लंडनमध्ये मेटनर हे नाव ओळखणारे मोजकेच उरले असताना.

मेटनर १८८० च्या जानेवारीत मॉस्कोत जन्मले. १९०० मध्ये मॉस्कोच्या संगीतविद्यालयाचे सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. वादक म्हणून दारे उघडी होती, पण त्यांनी आयुष्य रचनेला दिले आणि जवळजवळ प्रत्येक रचनेत पियानो ठेवला. सर्गेई रखमनिनोव्ह त्यांचे जिवलग मित्र. मेटनरनी आपला दुसरा कॉन्सर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, रखमनिनोव्हना अर्पण केला आणि रखमनिनोव्हनी आपला चौथा मेटनरना. क्रांतीनंतर दोघांनीही रशिया सोडला. पुढे दोघांच्या वाटा किती दूर गेल्या, हे त्या काळच्या संगीतव्यवसायाचे मोठे बोलके उदाहरण आहे. रखमनिनोव्ह अमेरिकेत गेले, हंगामामागून हंगाम गावोगाव वाजवत राहिले, तबकड्या काढल्या, आणि १९४३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे नागरिक झाले. पुढच्याच महिन्यात बेव्हर्ली हिल्सला त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या त्या यंत्रणेत ठरावीक लोकप्रिय रचना, ठरावीक दौरे आणि जाहिरात करणारा व्यवस्थापक यांच्या बळावर वादक उभा राहत असे. रखमनिनोव्हच्या खटपटीने मेटनरही १९२४-२५ मध्ये आणि पुन्हा १९२९-३० मध्ये अमेरिकेत वाजवून आले. पण त्यांना वाजवायच्या असत प्रामुख्याने स्वतःच्याच रचना, आणि त्या पहिल्या ऐकण्यात श्रोत्याला खिशात घालणाऱ्या नव्हत्या. आधुनिक म्हणवणाऱ्या संगीताचा त्यांना मनस्वी तिटकारा होता आणि तो त्यांनी १९३५ मध्ये पुस्तक लिहून मांडलाही. त्यामुळे नव्याचे भोक्ते त्यांना जुनाट म्हणत, आणि जुन्याचे भोक्ते त्यांच्याऐवजी रखमनिनोव्ह ऐकत.

१९३५ च्या सुमारास ते पत्नी आना यांच्यासह लंडनला गोल्डर्स ग्रीन भागात स्थायिक झाले. शिकवण्या आणि जर्मन प्रकाशकाकडून येणारे मानधन यांवर घर चालत होते. युद्ध सुरू झाले आणि जर्मनीतून येणारा पैसा एका दिवसात थांबला. बाँबहल्ल्यांमुळे लंडन सोडावे लागले. एडना आइल्स या त्यांच्या शिष्येच्या कुटुंबाने वॉरिकशायरकडे त्यांना आसरा दिला. १९४२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्या आजारपणाच्या आगेमागे त्यांनी तिसरा कॉन्सर्टो पुरा केला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एड्रियन बोल्ट यांच्या वाद्यवृंदासोबत स्वतः वाजवला. चौसष्टाव्या वर्षी, दुबळे हृदय घेऊन. ही रचना पुढे कुणी वाजवील की नाही, याची त्यांना खात्री देणारे कुणी नव्हते.

आणि युद्ध संपल्यावर म्हैसूरहून निरोप आला. मेटनरच्या रचना खुद्द मेटनरच्या हातून तबकड्यांवर उतराव्यात, आणि त्याचा खर्च महाराज करतील.

‘एचएमव्ही’ कंपनीत अशा कामाची पद्धत आधीपासून होती. वॉल्टर लेग या निर्मात्याने १९३० च्या दशकात ‘सोसायटी’ नावाची तोड काढली होती. जी रचना दुकानात खपणार नाही, तिच्या चाहत्यांकडून आगाऊ वर्गणी घ्यायची आणि पुरेसे वर्गणीदार जमले की ध्वनिमुद्रण करायचे. ह्यूगो वोल्फची गाणी आणि श्नाबेलने वाजवलेले बेटहोवनचे सोनाटे असेच निघाले. मेटनर सोसायटीत मात्र वर्गणीदारांची वाट पाहायची गरज नव्हती. म्हैसूरची थैली पाठीशी होती.

१९४७ साली अॅबी रोडवरच्या स्टुडिओत काम सुरू झाले. आपण आज ‘ध्वनिमुद्रण’ म्हणतो त्याच्याशी या कामाचे फारसे नाते नाही. चुंबकीय फीत अजून त्या स्टुडिओत रुळली नव्हती. मेणाच्या जाड चकतीवर सुई थेट खाचा कोरत जाई. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे वादन मावे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँची तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी ज्यांनी कान देऊन ऐकली आहे, त्यांना या मर्यादेची कल्पना आहे. अर्ध्या तासाहून मोठा कॉन्सर्टो म्हणजे आठ-नऊ तुकडे. प्रत्येक तुकडा एका दमात वाजवायचा, चुकला तर पहिल्यापासून. दुरुस्ती नाही, जोडकाम नाही. तुकडा नेमका कुठे तोडायचा, की बाजू उलटताना स्वरवाक्य लंगडे होणार नाही, याचाही हिशेब आधी करायचा. तुकडा संपला की वाद्यवृंद थांबणार, तंत्रज्ञ नवी चकती चढवणार, आणि मग त्याच लयीत, त्याच आवेशात पुढे सुरुवात करायची. सदुसष्ट वर्षांच्या, हृदयविकार झालेल्या माणसाने हे एकदा नव्हे, तिन्ही कॉन्सर्टोंसाठी केले. पहिल्याचे संचालन जॉर्ज वेल्डन यांनी केले, दुसऱ्या-तिसऱ्याचे इसाय दोब्रोव्हेन यांनी, आणि वाद्यवृंद होता फिलहार्मोनिया. जोडीला पियानोच्या सुट्या रचना, व्हायोलिनचा सोनाटा, पियानो पंचक आणि गाणी. काही गाण्यांना एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांचा आवाज आणि साथीला स्वतः मेटनर. १९४८ पासून तीन संचांत हे बाहेर पडत गेले.

तिसरा कॉन्सर्टो छापला गेला तेव्हा त्याच्या अर्पणपत्रिकेवर म्हैसूरच्या महाराजांचे नाव आले. रचना महाराजांच्या मदतीच्या आधीच पुरी झाली होती, त्यामुळे ही मागणीवर लिहिलेल्या संगीताची पोचपावती नव्हती. आपले काम कुणीतरी मनापासून समजून घेतले, याबद्दलचे ते ऋण होते.

या साऱ्याच्या तारखा म्हैसूरच्या तारखांशेजारी ठेवून पाहायला हव्यात. ९ ऑगस्ट १९४७ ला महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली. सप्टेंबर-ऑक्टोबरात संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीसाठी ‘म्हैसूर चलो’ आंदोलन पेटले, सत्याग्रही तुरुंगात गेले, रस्त्यावर रक्तही सांडले. अखेर ऑक्टोबरच्या शेवटी के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. राजवाड्याबाहेर इतिहास कूस बदलत असताना राजवाड्यातून लंडनच्या स्टुडिओला पैसा जात होता. याच सुमारास महाराजांनी वॉल्टर लेग यांना म्हैसूरला बोलावून घेतले. लेग काही आठवडे राहिले आणि परतले ते मोठे आश्वासन घेऊन: १९४५ मध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाला ३ वर्षे दरसाल १०,००० पौंड. त्या वेळच्या दराने वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार रुपये.

हा पैसा म्हैसूरच्या रयतेचा नव्हता का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो झटकून टाकण्याजोगा नाही. संस्थानिकाची संपत्ती शेवटी कुठून येते, हे ‘म्हैसूर चलो’वाल्यांना पुरते ठाऊक होते. पण त्याच काळातले कित्येक संस्थानिक घोड्यांच्या शर्यतींत, मोटारींत आणि जडजवाहिरात काय उधळत होते, तेही नजरेआड करता येत नाही. महाराजांनी कर्नाटक संगीताचा आश्रयही आखडता घेतला नव्हता. म्हैसूर वासुदेवाचार्य, सात तारांचे व्हायोलिन वाजवणारे चौडय्या, वीणा वेंकटगिरियप्पा असे दिग्गज याच दरबारचे. लंडनला गेलेल्या पैशातून जे निपजले ते आजही कानावर पडते, आणि ते फक्त इंग्रजांच्या कानावर पडते असेही नाही.

महाराजांच्या निवडीत पुन्हा तोच वादकाचा कान दिसतो. त्यांच्या आग्रहातून आणि मदतीतून फिलहार्मोनियाने हर्बर्ट फॉन कारायानच्या हाताखाली १९४९ मध्ये बालाकिरेव्हची पहिली सिंफनी आणि रूसेलची चौथी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. खपाऊ यादीत या दोन्ही रचना कुणी घातल्या नसत्या. युद्धानंतरच्या लंडनमध्ये उत्तम वादक होते, पण त्यांना एका वाद्यवृंदात बांधून ठेवणे, भरपूर तालमी देणे, नामांकित संचालक आणणे हे पैशाचे काम होते. कारायानबरोबरची ती सुरुवातीची वर्षे फिलहार्मोनियाला युरोपातल्या पहिल्या रांगेत घेऊन गेली, आणि त्या नेमक्या वर्षांत म्हैसूरचे पौंड हाताशी होते.

यातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग २२ मे १९५० चा. रिखार्ड स्ट्राउसने १९४८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या घरात, स्त्रीकंठ आणि वाद्यवृंदासाठी चार गाणी लिहिली. नॉर्वेच्या किर्स्टेन फ्लागस्टाड यांनी ती प्रथम गावीत, असे त्याने त्यांना पत्राने कळवले होते. सप्टेंबर १९४९ मध्ये स्ट्राउस वारला. गाणी रंगमंचावर आणायची तर फ्लागस्टाड, संचालक व्हिल्हेल्म फुर्टव्हेंग्लर, फिलहार्मोनिया आणि रॉयल अल्बर्ट हॉल या सगळ्यांचा खर्च आला. तोटा आला तर भरून देण्यासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली. त्यांची अट एका श्रोत्याची होती: कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून ते म्हैसूरला पाठवावे. त्या संध्याकाळी ते लंडनमध्ये नव्हते. ‘फोर लास्ट साँग्ज’ या नावाने जगभर गायल्या जाणाऱ्या या गाण्यांचा पहिला प्रयोग आज ऐकता येतो तो त्या सदोष, खरखरीत ध्वनिमुद्रणावरूनच.

मेटनर १३ नोव्हेंबर १९५१ ला लंडनमध्ये वारले. आना मेटनर १९५८ मध्ये मॉस्कोला परतल्या, आणि ज्या देशाने या माणसाला विसरायचे ठरवले होते त्याच देशात त्यांच्या समग्र रचना १२ खंडांत छापल्या गेल्या. महाराजांची लंडनमधली मदतही पन्नासच्या दशकात थांबली. आता ते संस्थानाचे धनी राहिले नव्हते. १९५० मध्ये राजप्रमुख, १९५६ पासून म्हैसूर राज्याचे राज्यपाल, आणि १९६४ ते १९६६ मद्रासचे राज्यपाल, अशी त्यांची पुढची वाटचाल झाली.

मधल्या काळात त्यांच्या संगीताने वेगळे वळण घेतले होते. वेंकटगिरियप्पांकडे वीणा, वासुदेवाचार्यांचा सहवास आणि श्रीविद्येची उपासना यांतून १९४० च्या दशकात त्यांनी संस्कृतात कृती रचायला घेतल्या आणि त्यांची संख्या ९४ वर गेली. त्यांची नाममुद्रा ‘श्रीविद्या’. गंभीरनाट रागातली ‘श्री जालंधर’ आणि अठाणातली ‘श्री महागणपतिं’ या कृती कर्नाटक संगीताच्या मैफलींत आजही ऐकू येतात. दुर्मिळ रागांकडे त्यांचा ओढा, आणि काही राग तर त्यांनी स्वतःच बांधले. ज्या कानाने मेटनर निवडला त्याच कानाने हे राग निवडले, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे कारण दिसत नाही. गुळगुळीत झालेली वाट त्यांना कुठल्याच संगीतात नको होती. दत्तसंप्रदायाशी नाते सांगणाऱ्या मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. १९५७ मध्ये त्यांचे दत्तात्रेयांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनच्या अॅलन अँड अन्विनने प्रसिद्ध केले.

अमेरिकेत जाऊन पियानो शिकण्याची संधी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला मिळाली. त्यांची बहीण विजयादेवी याही वीणा आणि पियानो शिकलेल्या. सौराष्ट्रातल्या कोटडा-सांगाणी संस्थानात त्या दिल्या होत्या. पतीबरोबर न्यूयॉर्कला असताना त्यांनी एडुआर्ड स्टॉयरमन यांच्याकडे धडे घेतले. स्टॉयरमन हे बुसोनी आणि शोनबर्ग यांच्या तालमीत वाढलेले, नाझी युरोप सोडून आलेले पियानोवादक. १९७४ मध्ये विजयादेवींनी बंगळुरूला इंटरनॅशनल म्युझिक अँड आर्ट्स सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला जयचामराज वारले. वय अवघे ५५.

मेटनरच्या त्या तबकड्या बरीच वर्षे संग्राहकांपुरत्या उरल्या होत्या. १९९० च्या दशकात टेस्टामेंट कंपनीने त्यांतले पुष्कळसे काम सीडीवर आणले. त्याच्या आगेमागे जेफ्री टोझर, हेमिश मिल्न, मार्क-आंद्रे हॅमलिन या पियानोवादकांनी मेटनर नव्याने वाजवायला घेतला, आणि अमेरिकेच्या अर्ल वाइल्डनेही त्याच्या रचनांची तबकडी केली. आजच्या पियानोवादकाला मेटनरची लय आणि वजन कसे हवे हे पाहायचे असेल, तर त्याला रचनाकाराचे स्वतःचे वादन उपलब्ध आहे. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी सुरुवात तिसऱ्या कॉन्सर्टोच्या १९४७ च्या ध्वनिमुद्रणापासून करावी. वाद्यवृंदाचा आवाज जुना वाटेल, मागे सुईची सळसळ असेल, काही ठिकाणी बाजू बदलल्याचेही जाणवेल. पियानो मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ठाम आहे, आणि डावा हात तर एखाद्या तरुणाचा वाटावा असा.